मेन्यूकार्ड, पान तिसरं

अकरा मिनिटं.
मी घड्याळ लावून मोजली.
एका पानाला अकरा मिनिटं,
आणि तोवर प्रिंटरचा हिरवा दिवा नुसता मिचमिच करतो,
झोपमोड झालेल्या वॉचमनसारखा.

मनामाच्या सूकमागे, अत्तरवाल्याच्या बोळात आमचं दुकान:
लग्नपत्रिका, रबरी शिक्के, बिलबुकं,
काउंटरवर तीन भाषांत 'उधार बंद'.
अबू खलील म्हणाले, मशीन म्हातारं झालं, नवं आणू.
शेजारचा डॅनिलो म्हणाला, केबल.
केबल बदलली.
अडकलेली रांग रिकामी केली,
ड्रायव्हर उपटून परत लावला,
फुंकर मारली, कारण इथली वाळू कीबोर्डातही बिऱ्हाड करते,
आणि दुसऱ्या फाइलमधली एक पत्रिका
सर्रकन बाहेर आली, ओली, चकचकीत.
म्हणजे मशीन ठणठणीत.
दुखणं म्हशीला, आणि सकाळपासून आम्ही
इंजेक्शन पखालीला टोचत होतो.

फाइल मोईदू इक्काच्या कॅफेटेरियाची.
केलेली परकारने, माझ्या आधीच्या ऑपरेटरने.
तो आता खेडला परत गेलाय, झेरॉक्सचं दुकान टाकून आहे.
हात चांगला होता त्याचा.
फाइलींना नावं द्यायचा:
'मेन्यू शेवटचा', 'मेन्यू शेवटचा खरा', 'मेन्यू आता बास'.

पहिलं पान पाठवलं. गेलं.
दुसरं. गेलं.
तिसरं: चहा, सुलेमानी, पराठा, अंडं-चीज.
बसलं फतकल मारून.

सगळं निवडलं, तर आठ ओळींच्या पानावर
गुळाला मुंग्या लागाव्यात तसे ठिपकेच ठिपके.
दर वाढला की परकार जुना आकडा पुसत नसे.
मागच्या फोटोतलीच भिंत अंगठ्याएवढी कापून
वर ठिगळ लावायचा, ठिगळावर नवा आकडा.
चहा शंभर फिल्स.
त्याखाली ऐंशी.
त्याखाली पन्नास.

पण ठिगळ कापलेलं नव्हतंच.
या सॉफ्टवेअरात कापणं म्हणजे नुसता पडदा ओढणं.
एकाचा कोपरा धरून ताणला
आणि चहाच्या दराखालून अख्खा फोटो उलगडत आला:
उद्घाटनाचा दिवस, नव्या टाइल्स, प्लास्टिकचा हार,
मोईदू इक्का, मिशी काळीभोर,
आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून आणखी कुणी.

दुसरं ठिगळ ताणलं. तोच.
पराठ्याखाली तोच.
आणि पानाच्या मधोमध सगळ्यांत मोठं ठिगळ,
माणसाच्या उंचीचं,
बरोबर त्याच्यावर.

सत्तावीस ठिगळं मोजली.
दर पानाला प्रिंटर त्याला सत्तावीस वेळा वाचत होता
आणि एकदाही छापत नव्हता.

मगरिबनंतर इक्का आला.
तोवर मी कॉपी करून पान साफ केलं होतं,
दिसतं तेवढंच ठेवून बाकी कापलेलं, या वेळी खरंच.
चौदा सेकंद.
लॅमिनेशनसकट गठ्ठा तयार.
त्याने पानं मोजली, दिनार मोजले,
आणि मान वर केली तर
स्क्रीनवर जुनी फाइल उघडीच.

'अलवी,' तो म्हणाला. 'धाकटा.'
मी मिटायला माउसकडे हात नेला.
त्याने बोटानेच थांबवलं.
काय बिनसलं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.
एवढंच म्हणाला, चहा पन्नास, तो कधीचा?
मला कुठून माहीत असणार.

मग: हे छाप. असंच, उघडलेलं. एकच.
वेळ लागेल, इक्का.
लागू दे.

स्टूल ओढून बसला.
कॅफेटेरियातला पोरगा दोनदा बोलवायला आला,
दोनदा हात हलवून परत पाठवला.
हिरवा दिवा मिचमिचत राहिला.
आधी हार आला.
मग दोघांचे केस.
मग बराच वेळ काही नाही.